आहेराची वही



गेल्या महिन्यात पुण्याहून एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले. नाव छापू नये अशी तिची विनंती आहे, ती अर्थातच पाळते. लग्नाला तीन वर्षे झाली. दोघेही नोकरी करतात. दोघांचे मिळून हातात येणारे वेतन दरमहा ७४,००० रुपये. घरभाडे, किराणा, गावी सासू-सासऱ्यांना पाठवायची रक्कम, सारे वेळच्या वेळी चालते. व्यसन नाही, डामडौल नाही. “आणि तरीही,” ती लिहिते, “क्रेडिट कार्डावर ३८,००० रुपयांची बाकी आहे आणि ती हलत नाही. आम्ही पैसा उडवत नाही, काकू, आम्ही फक्त माणसांत राहतो. माणसांत राहणे इतके महाग असते का?”

हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. आपल्या समाजात माणसे जोडून राहण्याचे संस्कार लहानपणापासून होतात. पूजा असो, पारणे असो, कुणाच्या घरचे मंगलकार्य असो, चार माणसांत उठबस असणे हीच घराची पत मानली जाते. तेव्हा ‘जाणे-येणे कमी करा’ हा सल्ला देणे सोपे असले तरी त्यात फारसे शहाणपण नाही. मी तिला उलटटपाली कळविले की, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत केवळ ‘लोकांपायी’ झालेला खर्च मांडून पाठव. तिने फोनमधील यूपीआयच्या नोंदी चाळून तो काढला आणि स्वतःच चकित झाली.

सात लग्ने. आहेर प्रत्येकी १,१०० प्रमाणे ७,७०० रुपये. त्यांतली चार लग्ने बाहेरगावी, त्यांचा प्रवास ९,६००. लग्नांसाठी घेतलेले कपडे आणि त्यांवर जुळणाऱ्या वस्तू १२,०००. एक शनिवार आड मित्रमंडळींबरोबर हॉटेल, आठ वेळा, दर वेळी दोघांचे १,६००, म्हणजे १२,८००. कार्यालयात कुणाचा वाढदिवस, कुणाचा निरोप. अकरा वेळा ३०० रुपयांची ‘काँट्री’, ३,३००. दोन दिवसांची सहल ११,०००. केळवण, बारसे, वास्तुशांत यांच्या भेटवस्तू ५,६००. एकूण ६२,००० रुपये. दरमहा साडेपंधरा हजार, म्हणजे मिळकतीचा पाचवा हिस्सा.

ही यादी मी दोन-तीनदा वाचली. त्यातला आहेराचा आकडा पाहा. बासष्ट हजारांतले जेमतेम पावणेआठ हजार. ज्या कारणासाठी लग्नाला जायचे, त्या नात्यापोटी हाताने दिलेली रक्कम एकूण खर्चाच्या आठव्या हिश्श्याइतकी. उरलेले नात्याच्या भोवतालचे: त्या दिवशी आपण कसे दिसलो, कुठे बसलो, काय खाल्ले. मला वाटते, माणसांत राहणे अजूनही महाग झालेले नाही. महाग झाली आहे ती माणसांत राहण्याची बैठक.

कार्डाविषयी मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे, कारण पत्रात ती फार सहजपणे आली आहे. “दर महिन्याला किमान रक्कम भरतो,” असे ती म्हणते. किमान रक्कम भरल्याने उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. तिच्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के आहे. ३८,००० वर ते १,३३० रुपये होते, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १,५७० रुपये. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासूनच व्याज धावू लागते. मैत्रिणीच्या लग्नात ही मुलगी १,१०० रुपयांचा आहेर करते आणि बँकेच्या घरी दर महिन्याला त्याहून भारी आहेर नेऊन देते. तोही बिनबोलावता.

येथे मला आमच्या घरातील एका वहीविषयी सांगावयाचे आहे.

माझ्या सासूबाईंना सारे गाव आक्का म्हणत असे. त्यांच्या कपाटात लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी अशी वही पाहिलेली असेल. मांडवात एका कोपऱ्यात घरातला सुवाच्य अक्षराचा कुणी मुलगा पेन घेऊन बसे आणि येणाऱ्याचे नाव, गाव व आहेर लिहून घेई. ‘रोख ११’, ‘खण-नारळ’, ‘स्टीलचे पातेले, नाव घातलेले’. पुढे पाकिटे आली, पाकिटावर चिकटवलेला रुपया आला. पण वही राहिली. दिवाळी सरली की आक्का ती वही काढून बसत. येत्या लग्नसराईत कुणाकडे कार्य आहे, त्यांनी आपल्याला काय केले होते, आपण त्यावर किती चढवावयाचे, याची यादी त्या एका कागदावर करीत आणि बेरीज मांडीत. हळदीचे पैसे हाती आले की तेवढी रक्कम एका वेगळ्या बटव्यात जाई. “वही बघितल्याशिवाय पाकिटाला हात लावू नये,” हा त्यांचा दंडक होता.

नव्या सुनेला, म्हणजे मला, हा प्रकार अत्यंत कोता वाटे. प्रेमाचा कसला हिशेब ठेवायचा? आता उमजते की त्या वहीत हिशेब होता तो ऐपतीचा. जिने अकरा रुपये दिले होते तिला एकशे एक दिले तर तिच्यावर पुढे ओझे होईल, हेही आक्का वहीतूनच वाचत. समोरच्याची झेप किती आहे हे त्यांना ठाऊक असे आणि तिच्याबाहेर त्याला ओढायचे नाही, एवढे भान त्या ठेवीत. ज्या घरी कार्य निघे त्याला एकाच वेळी मोठा पैसा लागे. साऱ्या गावाचे अकरा-एकवीस त्या दिवशी त्याच्या पदरात पडत आणि पुढची वीस वर्षे तो ते थोडेथोडे परत करी. बँक नसलेल्या घरांची ती बँकच होती. आता पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापतात. त्यामागचा विचार चांगलाच आहे. परंतु आहेर गेला आणि त्याच्या दसपट खर्चाचे पोशाख, सजावट आणि येणाऱ्यांना द्यायच्या भेटवस्तू आल्या, तर कुणाचे काय वाचले, हे मला अद्याप समजलेले नाही.

समोरच्याची झेप पाहण्याचे हे भान सुटले की काय होते, याचा अनुभव मी घेतला आहे, आणि त्यात माझी बाजू चांगली नाही.

सांगलीत आमचा सहा जोडप्यांचा एक गट आहे. मुले लहान होती तेव्हा महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमत असू. बिनलसणाचे भडंग, चहा, पावसाळ्यात क्वचित गरम शिरा. सूर्यास्ताच्या आत खाणे उरकायचे, मग गप्पा. हळूहळू मुले मोठी झाली, हात सैल झाले, आणि घरी करण्याचा कंटाळा म्हणून आम्ही हॉटेलात जमू लागलो. बिल आले की सहाने भागायचे. कुणी दोन पोळ्या आणि वरण खाल्ले, कुणी चार पदार्थ मागवले, हिशेब एकच. पुढे वर्षातून एकदा रिसॉर्टवर जायचे ठरले. ठरवणारी मी. फोन करणारी, जागा पाहणारी, आगाऊ रक्कम भरून मागाहून प्रत्येकाकडून वसूल करणारीही मीच. या कामाचा मला अभिमान होता.

आमच्यातली एक मैत्रीण येईनाशी झाली. आधी तिच्या सासूबाईंचे आजारपण, मग मुलाची परीक्षा, मग घरी पाहुणे. दर वेळी नवे कारण. वर्षभराने आम्ही तिला विचारणेच सोडले. “तिला आता आपण नको आहोत,” असे कुणीतरी म्हणाले, बहुधा मीच. रस्त्यात भेटली तर दोन्हीकडून तुटक हसणे होई. अशी तीन वर्षे गेली.

मग तिच्या सासूबाई वारल्या आणि मी भेटायला गेले. घर पाहूनच काही गोष्टी कळल्या. इचलकरंजीत तिच्या यजमानांचे यंत्रमाग होते, ते विकून चार वर्षे झाली होती. नात्यातल्याही मोजक्यांनाच ते माहीत होते. उठताना मी म्हटले, “अगं, एका शब्दाने सांगायचं नाहीस?” ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तू फोन करून येणार का, एवढंच विचारायचीस. खर्च किती येईल ते आधी कधी सांगितलं नाहीस. आणि ते विचारायची मला लाज वाटायची. चौदाशे रुपये म्हणजे आमच्या घरचं महिन्याचं दूध होतं गं.”

मी घरी आले. त्या रात्री आक्कांची वही आठवली. त्या बाईने साठ घरांची झेप तोंडपाठ ठेवली होती. मला सहा घरांची ठेवता आली नाही.

खर्चाचे नियोजन या विषयावर जेवढे लिहिले जाते ते बहुतेक खर्च करणाऱ्याला उद्देशून असते: नाही म्हणायला शिका, हात आखडता घ्या. बेत आखणाऱ्याला कुणी काही सांगत नाही. वास्तविक ज्याच्या हातात बेत असतो त्याला हे काम सोपे असते. निमंत्रणातच आकडा लिहावा: ‘प्रत्येकी अंदाजे इतके रुपये, इतक्यावर जाणार नाही.’ लिहिलेला आकडा पाहून ज्याला जमत नाही तो खोटे कारण न सांगता बाजूला राहू शकतो, किंवा ‘आपण थोडे स्वस्तात करू या का’ असे म्हणू शकतो. बिल सरसकट न भागता ज्याने त्याने आपापले द्यावे. यूपीआयमुळे ते आता दोन मिनिटांचे काम आहे. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावलेला असेल तर तो देणे सक्तीचे नाही, हे जुलै २०२२ पासूनच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. शांतपणे काढून मागावा. आणि गटातील ज्याची परिस्थिती बरी आहे त्याने सर्वांत साधी जागा सुचवावी. परिस्थिती नाजूक असलेल्याने ती सुचवली तर त्याचा अर्थ लगेच लावला जातो.

न सांगण्याची लाज आजचीच नाही, आणि सांगून पाहिल्यावर काय घडू शकते याचा एक जुना दाखला आपल्याच घरातला आहे. कवी बनारसीदास हे जौनपूरचे श्रीमाळ जैन, व्यापाऱ्याच्या घरात १५८६ मध्ये जन्मलेले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, त्यांनी ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. तरुणपणी ते वडिलांनी दिलेला माल घेऊन आग्र्याला व्यापारास गेले आणि सारे गमावून बसले. दिवसा बाजारात तोंड दाखवायची सोय उरली नाही. रात्री मात्र ते घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही काव्ये वाचीत आणि दहा-वीस माणसे ऐकायला येत. त्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या घेऊन दिवस काढू लागले. काही दिवसांनी त्यांनी त्याला एकांतात गाठून खरे ते सांगितले: माझ्याजवळ काही नाही, तू उधार देऊ नकोस. त्यावर तो म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खुशाल खा. सहा-सात महिने असे चालले, आणि पुढे हिशेब झाला तेव्हा देणे निघाले १४ रुपये. ते त्यांनी फेडले. खिशात दमडी नसतानाही त्या घरी रोज संध्याकाळी माणसे जमत होती, हे मला त्या कथेत फार मोलाचे वाटते.

आता पुण्याच्या मुलीकडे वळते.

बाळ, तुझ्या पत्रात भिशीचा उल्लेख आहे. बारा जणी, महिना दोन हजार. तो आकडा मी वरच्या बासष्ट हजारांत धरलेला नाही, कारण ती बचत आहे; फिरून तुझ्याकडेच येणार. ज्या महिन्यात तुझा नंबर लागेल त्या महिन्यात तुला एकरकमी २४,००० मिळतील. तुझा नंबर ऑगस्टमध्ये आहे, असे तू लिहितेस. मैत्रिणींना खरी गोष्ट सांग आणि पुढच्याच महिन्याचा नंबर कुणाकडून तरी बदलून घे. भिशीत हे नेहमी होते, कुणाला त्यात वावगे वाटत नाही. मात्र उचलल्यावर शेवटपर्यंत एकही हप्ता चुकवायचा नाही. बिनव्याजाचे २४,००० साडेतीन टक्क्यांच्या बाकीवर गेले की १४,००० उरतात. दोन महिने हॉटेल बंद ठेवलेत, या वर्षीची पुढची सहल सोडलीत आणि कार्ड कपाटात ठेवलेत तर तेही फिटतील. हे सांगताना तुझी जीभ अडखळेल, याची मला कल्पना आहे. पण बारा जणींतील आणखी एखादीच्या कार्डावरही अशीच बाकी असेल आणि तीही तुझ्यासारखीच गप्प असेल, असे मला फार वाटते.

त्यानंतर घरच्या हिशेबात एक वेगळे सदर उघड. त्याला ‘लोकव्यवहार’ म्हण. तुमच्या मिळकतीत दरमहा ७,००० रुपये त्यासाठी काढणे शक्य आहे. वर्षाचे ८४,००० होतात. ही रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवून यूपीआय त्याच खात्याला जोड, म्हणजे खाते रिकामे झाले की आपोआप थांबावे लागेल. लग्नसराई वर्षभर नसते. पावसाळ्यात खर्च कमी असतो, तेव्हाचे पैसे साचून दिवाळीनंतर उपयोगी पडतात. आक्कांचा बटवा तो हाच. आपल्याकडे परिग्रहपरिमाण व्रत घेणारा श्रावक मर्यादेचा आकडा आधी ठरवतो, वस्तू समोर आल्यावर ठरवीत नाही. दुकानात उभे राहून ठरविलेल्या मर्यादेला मर्यादा म्हणत नाहीत, हे तू जाणतेसच.

कात्री कुठे लावायची ते तुमचे तुम्ही ठरवा, मी दोन-तीन गोष्टी सुचवते. दूरच्या लग्नाला दोघांपैकी एकाने गेले तरी घराची हजेरी लागते. तीच साडी तीन लग्नांत नेसली तर ते लक्षात ठेवायला कुणाला सवड नसते. असलीच तर तिची कीव करावी. एक शनिवार आड हॉटेलऐवजी महिन्यातून एकदा, आणि एकदा घरी. घरी बोलावताना पदार्थांची चढाओढ मात्र नको, नाहीतर हॉटेल परवडले असे होईल. आमच्या भिशीत एक गोड, एक तिखट आणि चहा, एवढाच नियम आहे. तिसरा पदार्थ केला तर पुढच्या महिन्याचा चहाही तिच्याकडे. कार्यालयातील काँट्रीत ३०० ऐवजी १०० देता येतील का, हे विचारायला पहिल्यांदा जड जाते. पण एकाने विचारले की बहुधा सर्वांचे १०० होतात.

एका ठिकाणी मात्र हात आखडू नका. आजारपणाची आणि दुःखाची भेट. लग्न चुकले तर माणसे क्षमा करतात, सांत्वनाची भेट चुकलेली वर्षानुवर्षे विसरत नाहीत. प्रवासाचे पैसे या भेटींसाठी आधी बाजूला काढा, उरतील त्यांत लग्ने बसवा. आक्कांच्या वहीत या भेटींची नोंद कधीच नसे. त्या मात्र सकाळी सर्वांच्या आधी पोचलेल्या असत.

आमच्या गटाविषयी थोडे राहिले. त्या भेटीनंतर आम्ही पुन्हा घरी जमू लागलो. कारण मी कुणाला सांगितले नाही. गुडघे दुखतात, हॉटेलातल्या खुर्च्या सोसत नाहीत, असे म्हटले. तिला मी स्वतः जाऊन बोलावले. पहिल्या खेपेस आली, दुसऱ्या खेपेस आली नाही, आता अधूनमधून येते. पूर्वीसारखी मोकळी बोलते असे नाही. तीन वर्षांची ती जागा अजून भरलेली नाही आणि भरेलच अशी खात्री मी देऊ शकत नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या लग्नात ती आली होती. आम्हीही वही ठेवली होती. मुलांनी हसून घेतले, पण ठेवली. त्यात तिच्या नावापुढे ‘रोख १०१’ अशी नोंद आहे. येत्या वैशाखात तिच्या मुलाचे लग्न आहे. आक्कांच्या नियमाने पाहिले तर पाकिटात फार तर दीडशे घालता येतात. माझे मन पाच हजारांकडे धावते, आणि ते तिला बोचेल हेही कळते. अजून काही ठरलेले नाही. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी पापड-कुरडयांच्या तळणीला मी येणार, असा निरोप मात्र तिला दिला आहे, आणि तिने ‘येताना मोठी झारी घेऊन ये’ म्हणून कळविले आहे.